फूल

"फूल खाल्लं, ताई," तो म्हणाला.
फॉर्म भरता भरता माझा हात थांबला.
कसलं फूल?
मोहाचं? शेवग्याचं?
सोहारला, भर ऑगस्टात, बंदराच्या त्या खारट धुळीत
कुठलं आलंय खाण्याजोगं फूल?

मग उलगडलं. नाक्यावरच्या मिसरी हॉटेलात
वालाच्या थोरल्या भावासारखे दाणे
रात्रभर शिजतात, पहाटे ठेचतात,
वर तेल, लिंबू, जिरं.
त्या उसळीचं नाव फूल.

एकाच वाडग्यातून चौघांनी खाल्लं.
तिघे परांचीवर चढले.
चौथा इथे, माझ्यासमोर, डोळे हळदीचे,
आणि बाटलीत लघवी कोऱ्या चहासारखी.

रायसिंग पाडवी. वय सव्वीस. मुक्काम धडगाव.

"त्यांना नाही झालं. माझ्यात काय कमी आहे?"

शाळेच्या पुस्तकात शब्द होता विकर.
बाईंनी फळ्यावर लिहिला, आणि मी वहीत
एक काना जास्त दिला. विकार.
बाई हसल्या होत्या. आज हसू येईना.

म्हटलं, बघ, अंगात कोट्यवधी हात असतात.
डोळ्यांना न दिसणारे, प्रत्येकाचं काम एकच.
एक वस्तू धरायची, वाकवायची, सोडायची,
आणि पुन्हा होतो तसे मोकळे, पुढच्या वस्तूसाठी.
ते नसते तरी भाकर पचली असती,
फक्त त्या एका घासाला
जन्म पुरला नसता.
सदतीस अंशांवर ते खूश असतात.
फार तापलं की त्यांची घडी मोडते.
उकडलेलं अंडं पुन्हा पातळ होतं का?

त्याने खिडकीकडे पाहिलं. बाहेर सत्तेचाळीस.

त्या दाण्यांत असं काही असतं
की रक्ताला गंज चढतो.
इतरांकडे तो पुसणारा हात आहे.
तुझा आहे, पण लवकर थकतो.

गंज म्हटल्यावर त्याला सगळं कळलं.
बंदरावरचे पाइप तोच घासतो.

"कुठून आलं हे?"
आईकडून, मी म्हटलं, आणि लगेच वाटलं,
असं तोडून सांगायला नको होतं.
तो बराच वेळ बोटं मोजत बसला.
"माझा मामा," तो म्हणाला,
"हिवतापाच्या गोळ्या घेतल्या आणि पिवळा पडून गेला.
सगळे म्हणाले, कावीळ."

रात्री दिवे मालवून
कागदावर तीन ठिपके ठेवले, जांभळा दिवा लावला.
पहिला उजळणारच होता, उजळला.
दुसरा काळाच राहायचा, राहिला.
तिसरा रायसिंगचा.
तोही उजळला. मंद, पण उजळला.

मी जवळजवळ धावतच गेले. डॉक्टर बुथैनांनी चष्मा काढला.
"म्हाताऱ्या पेशी फुटून गेल्या," त्या म्हणाल्या,
"उरल्या त्या कोवळ्या. त्यांचे हात अजून ताजे आहेत.
आजच्या उजेडावर जाऊ नकोस."

तांबड्या पेशीला केंद्रक नसतं.
जन्मताना मिळाले तेवढेच हात,
त्यांवर एकशेवीस दिवस काढायचे,
झिजला तर नवा घडवता येत नाही.
हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं.

त्याच्या कार्डावर तारीख घातली, चौदा नोव्हेंबर.
मागे मराठीत यादी लिहिली:
हे दाणे नको, डांबरगोळ्या नको,
गोळी कुठलीही असो, आधी हे कार्ड दाखव.

चौदा तारीख आली. रायसिंग आला नाही.
कंपनीने परांच्या उतरवून
माणसं दुक्मला नेली होती.
तपासणी राहिलीच.

डिसेंबरात फोन आला, मागे वाऱ्याचा घों घों.
"ताई, इथला आचारी बंगाली आहे. डाळ करतो."
कसली डाळ? मी विचारलं.
तो हसला.
"तेच विचारत असतो आता, ताटात जे पडेल त्याला.
इथलं नाव सांग,
आणि माझ्या गावाकडे तुला काय म्हणतात, तेही सांग."